शाब्दिक वजाबाकी समीकरणाने कशी सोडवायची: पाचवी ते सातवीच्या मुलांचा अभ्यास घेणाऱ्या घरच्यांसाठी

संध्याकाळी माझ्याकडे सोलापुरातल्या अशोक चौकाच्या आसपासची दहा-बारा मुलं गणिताला येतात. त्यातल्या सहावीच्या एका मुलीला मी हे उदाहरण घातलं: ‘आईने वळलेल्या विड्या कारखान्यात नेल्या. तपासणीत ४५ विड्या बाजूला काढल्या आणि ९५५ घेतल्या. आईने किती विड्या नेल्या होत्या?’

तिने क्षणात मांडलं, ९५५ − ४५ = ९१०. खाली दोन रेघा मारल्या आणि वही पुढे सरकवली.

मी विचारलं, “तुझी आई रोज किती विड्या वळते गं?”

“हजार.”

“आणि या आईने ९१० नेल्या, तरी कारखान्याने ९५५ घेतल्या?”

तिने वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खोडरबर शोधायला लागली.

या मुलीला हिशोब येत नाही असं मुळीच नाही. आईबरोबर माल द्यायला ती जाते, किती बाद झाल्या नि किती लागल्या हे तिला तोंडपाठ असतं. पण वहीत उदाहरण आलं की ‘काढल्या’ हा एक शब्द तिला दिसतो आणि हात वजाबाकीकडे वळतो. कारण दुसरी-तिसरीत तिला कुणीतरी यादी दिलेली असते: गेले, दिले, उरले, कमी दिसलं की वजाबाकी, एकूण, मिळून, जास्त दिसलं की बेरीज. ही यादी दुसरीत चालून जाते. पाचवीत तीच यादी मुलांना पाडते. तुमच्या घरी अशी यादी भिंतीवर चिकटवलेली असेल तर कृपा करून काढा. तिच्याऐवजी पुढच्या पद्धतीने आठवडाभर बसून बघा. रोज दोन उदाहरणं पुरे, जास्त नकोत.

आधी गोष्ट लिहायची, गणित नंतर

उदाहरण वाचून झालं की मुलाला लगेच पेन्सिल चालवू देऊ नका. पुस्तक मिटायचं आणि काय काय घडलं ते तोंडी सांगायला लावायचं, आकडे न घेता. ‘आईने विड्या नेल्या. त्यातल्या थोड्या बाजूला काढल्या. बाकीच्या घेतल्या.’ एवढं जमलं तर निम्मं काम झालं. इथेच अडखळलं तर अडचण भाषेची आहे, वजाबाकीची नाही, हे लगेच कळतं.

काहीतरी जाण्याची कुठलीही गोष्ट असो, तिचे तुकडे तीनच:

आधी − गेले = राहिले

ही ओळ वहीत वर लिहायची. मग उदाहरणातले आकडे ज्याच्या त्याच्या जागी बसवायचे आणि जे माहीत नाही तिथे चौकोन काढायचा:

▢ − ४५ = ९५५

आता जरा थांबा. ही ओळ वजाबाकीची आहे, कारण गोष्टच काढून घेण्याची आहे. पण चौकोनातला आकडा मिळवायला बेरीज करावी लागणार आहे. गोष्टीतलं चिन्ह एक आणि उत्तर काढायची क्रिया दुसरी, असं असू शकतं. मुलं नेमकी इथे फसतात, आणि समीकरण शिकायचं ते याचसाठी. गोष्ट जशी घडली तशी लिहायची. उत्तर कसं काढायचं याचा विचार त्यानंतर. दोन्ही कामं एकदम करायला गेलं की गोंधळ होतो.

चौकोन तिन्हीपैकी कुठल्याही जागी येऊ शकतो. शेवटी असेल, उदाहरणार्थ ५० − १८ = ▢, तर विशेष काही नाही, मुलं डोळे मिटून करतात. त्यावर वेळ घालवू नका. सुरुवातीला असेल तर विड्यांसारखं होतं. मधे असेल तर सगळ्यात जास्त चुका होतात. त्याबद्दल पुढे सविस्तर सांगते.

चौकोनाला नाव द्यायचं

चौकोनाच्या जागी अक्षर लिहिलं की झालं समीकरण. आमच्या वेळी ‘क्ष’ लिहायचो, आता पुस्तकात इंग्रजी अक्षरं असतात. दोन्ही चालतं. बाराव्या शतकात भास्कराचार्य अज्ञात संख्येला ‘यावत्तावत्’ म्हणत, म्हणजे ‘जितकं असेल तितकं’, आणि लिहिताना नुसतं ‘या’ लिहीत. हे मी मुलांना आवर्जून सांगते. ‘जितकं असेल तितकं’ म्हटलं की अक्षराची भीती जाते. अजून माहीत नाही, पण आहे ठरलेलं, एवढाच त्याचा अर्थ.

मात्र अक्षर कशासाठी घेतलं ते पूर्ण वाक्यात लिहायचं. ‘क्ष = विड्या’ असं लिहिलेलं मी खोडायला लावते. कुठल्या विड्या? नेलेल्या, बाद झालेल्या, की घेतलेल्या? ‘क्ष = आईने नेलेल्या विड्यांची संख्या’ असं लिहिलं की शेवटी उत्तर आल्यावर ते कशाचं, हा प्रश्नच राहत नाही. पहिल्या दिवशी मुलं कुरकुर करतात. करू द्या.

‘मधून’, ‘ने’ आणि ‘पेक्षा’

माझ्याकडच्या बऱ्याच मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, काहींच्या घरी कन्नड. शाळा मराठी. या मुलांना शिकवता शिकवता माझ्या लक्षात आलं की शाब्दिक उदाहरणाची किल्ली क्रियापदात नसते. ती शब्दाच्या शेपटीला लागलेल्या प्रत्ययात असते. ज्यांच्या घरी मराठीच बोलतात ती मुलं हे प्रत्यय गिळून टाकतात, म्हणून त्यांनाही हे तितकंच उपयोगी पडतं.

ही दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहा:

एका संख्येतून १८ वजा केले तर ३५ उरतात.
एक संख्या ५३ मधून वजा केली तर ३५ उरतात.

ज्याला ‘तून’, ‘मधून’ किंवा ‘पैकी’ चिकटलं आहे ती आधीची, मोठी रक्कम. ती वजा चिन्हाच्या डावीकडे. पहिल्या वाक्यात ‘तून’ अज्ञात संख्येला लागलं आहे, म्हणून क्ष − १८ = ३५. दुसऱ्यात ‘मधून’ ५३ ला लागलं आहे, म्हणून ५३ − क्ष = ३५. पहिल्याचं उत्तर ५३, दुसऱ्याचं १८. वाक्यं जवळजवळ सारखी, फक्त शेपूट कुणाला लागली एवढाच फरक.

‘ने’ किंवा ‘नी’ लागतं ते फरकाला. ‘१८ ने कमी’, ‘२३० रुपयांनी स्वस्त’. हा आकडा कुणाची किंमत नाही, कुणाचं वजन नाही. तो दोघांमधलं अंतर आहे.

‘पेक्षा’ लागतं ते ज्याच्याशी तुलना करतोय त्याला. ‘डबलपेक्षा’ म्हटलं की डबल चादर आधी ठेवायची आणि तिच्यापासून मोजायचं.

घरी दुसरी भाषा असेल तर त्याच भाषेत एकदा विचारा. तेलुगूत ‘पेक्षा’ला ‘कंटे’ आहे, ‘मधून’साठी ‘नुंची’ आहे. कन्नडमध्ये ‘पेक्षा’ला ‘गिंत’ आहे. पोराला घरच्या भाषेत फरक समजतोच, मराठीतली जागा तेवढी दाखवून द्यायची असते. घरची भाषा अभ्यासात आणली तर मराठी बिघडेल अशी भीती काही आया बोलून दाखवतात. माझा अनुभव नेमका उलटा आहे.

आता चादरीचं उदाहरण घेऊ. आकडे मी मनाचे घातलेत, भाव म्हणून धरू नका. ‘चाटी गल्लीतल्या दुकानात सिंगल चादर ४२० रुपयांना आहे. ती डबल चादरीपेक्षा २३० रुपयांनी स्वस्त आहे. तर डबल चादर केवढ्याला?’

‘स्वस्त’ दिसलं की मुलं ४२० मधून २३० काढून १९० लिहितात. सिंगल ४२० ला आणि डबल १९० ला! कुठल्या दुकानदाराला परवडेल? इथे आधी ‘ती’ हा शब्द खोडायचा आणि त्याच्या जागी ती कोण ते लिहायचं: सिंगल चादर. मग वाक्य होतं, ‘सिंगल ही डबलपेक्षा २३० नी कमी.’ ‘पेक्षा’ डबलला लागलं, म्हणून डबल आधी. क्ष = डबल चादरीची किंमत रुपयांत.

क्ष − २३० = ४२०

उत्तर ६५०. ‘ती’, ‘तो’, ‘त्याच्या’ यांच्या जागी नाव लिहायची सवय लागली तर तुलनेच्या उदाहरणातल्या बहुतेक चुका तिथेच थांबतात.

हँगरचा तराजू

आता समीकरण सोडवणं. ‘पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं’ हे वाक्य मुलांच्या तोंडी असतं. ते खोटं नाही, पण का बदलतं हे माहीत नसलं की मुलं कशाचंही चिन्ह बदलतात. म्हणून सुरुवातीचे काही दिवस हे वाक्य घरात उच्चारू नका.

त्याऐवजी कपड्याचा हँगर घ्या, दाराच्या खिळ्याला अडकवा आणि दोन टोकांना दोन सारख्या पिशव्या बांधा. मंडईतली जुनी तागडी आता फारशी दिसत नाही, सगळीकडे आकडे दाखवणारा काटा आला. पण समीकरण शिकायला तागडीसारखं साधन नाही. सारख्या आकाराच्या गोट्या घ्या. मुलाला न दाखवता एका पिशवीत १७ गोट्या घाला आणि पिशवीवर ‘क्ष’ लिहा. आता मुलासमोर त्यातून ५ बाहेर काढा आणि समोरच्या पिशवीत १२ घाला. हँगर सरळ राहतो.

क्ष − ५ = १२

विचारा, ‘क्ष पिशवीत मुळात किती होत्या हे बघायचं असेल तर काय करावं?’ मूल काढलेल्या ५ परत टाकतं. हँगर लगेच त्या बाजूला कलतो. ‘आता सरळ कसा होईल?’ दुसऱ्या बाजूलाही ५. सरळ झाला. तिकडे १७ झाल्या. मग पिशवी उघडून मोजू द्या. पिशवी उघडून १७ मोजून झाल्यावर मुलांचा जो चेहरा होतो त्यासाठी हा सगळा खटाटोप करावासा वाटतो.

मग वहीत हेच लिहायचं, एका ओळीखाली एक, बरोबरची चिन्हं एकाखाली एक ठेवून:

क्ष − ५ = १२
क्ष − ५ + ५ = १२ + ५
क्ष = १७

मधली ओळ गाळू देऊ नका, निदान महिनाभर. दोन्ही बाजूंना सारखंच केलं, हे तिच्यातच दिसतं.

बरोबरच्या चिन्हाबद्दल एक गोष्ट. बऱ्याच मुलांना ‘=’ म्हणजे ‘उत्तर येतं’ असं वाटतं. म्हणून ती ९५५ + ४५ = १००० − १०० = ९०० अशी आगगाडी लिहितात. ९५५ आणि ४५ मिळून ९०० कसे होतील? हे चिन्ह वेल्सच्या रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ मध्ये पहिल्यांदा छापलं. दोन समांतर रेघा त्यांनी का घेतल्या, तर त्यांच्याइतक्या एकमेकींसारख्या दोन गोष्टी दुसऱ्या नाहीत म्हणून. हे एकदा सांगितलं की ‘=’ म्हणजे सरळ राहिलेला हँगर, हे मुलांच्या डोक्यात पक्कं बसतं.

मधला चौकोन

आता ते अवघड ठिकाण. ग्रामदैवत सिद्धेश्वरांची ६८ शिवलिंगं शहराच्या चहूबाजूंना आहेत, गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज त्यांना फेरी घालतात, हे सोलापूरच्या पोरांना सांगावं लागत नाही. म्हणून मी हे उदाहरण देते: ‘आजी ६८ लिंगांच्या दर्शनाला निघाली. संध्याकाळी म्हणाली, अजून २३ राहिली. तिची किती झाली?’

६८ − क्ष = २३

इथे दोन चुका ठरलेल्या. एक, ‘वजा पलीकडे गेलं की अधिक’ म्हणून ६८ + २३ = ९१. दुसरी, दोन्ही बाजूंतून ६८ काढून − क्ष = − ४५ पर्यंत येणं आणि तिथे अडकून बसणं. दुसरी खरं तर चूक नाही, रस्ता बरोबर आहे, पण पाचवी-सहावीच्या मुलाला त्या वजा चिन्हाचं काय करायचं कळत नाही.

सोपा रस्ता असा. इथे क्ष काढून घेतलेला आहे, तर आधी क्ष परत देऊन टाकायचा. दोन्ही बाजूंना क्ष मिळवा:

६८ − क्ष + क्ष = २३ + क्ष
६८ = २३ + क्ष

आता वजा चिन्ह गेलं. ही ओळ मोठ्याने वाचायला लावा: ‘राहिलेली २३ आणि झालेली क्ष मिळून सगळी ६८.’ गोष्ट तीच, दुसऱ्या बाजूने सांगितली. मग दोन्ही बाजूंतून २३ काढा, क्ष = ४५. आजीची ४५ लिंगं झाली.

९१ लिहिणाऱ्या मुलाला मी ‘चूक’ म्हणत नाही. ‘६८ पैकी ९१ झाली का?’ एवढंच विचारते.

उत्तर शून्याखाली जातं तेव्हा

‘लहानातून मोठं वजा होत नाही’ असं आपण लहान मुलांना सांगतो. सोलापुरात हे फार दिवस टिकत नाही, कारण उन्हाळ्यात ‘उजनी वजा पातळीत’ अशी बातमी घरोघरी वाचली जाते. सातवीतलं मूल विचारतं, पाणी वजा कसं असेल?

उजनी धरणात पूर्ण भरल्यावर सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. त्यातलं तळाचं सुमारे ६४ टीएमसी म्हणजे मृतसाठा. टक्केवारी मोजतात ती त्याच्या वरच्या पाण्याची, उपयुक्त साठ्याची. म्हणून:

एकूण − मृतसाठा = उपयुक्त
११७ − ६४ = ५३

आता समजा मे महिन्यात धरणात एकूण ५० टीएमसी उरलं. ५० − ६४ = − १४. पाणी वजा झालेलं नाही, धरणात चांगलं ५० टीएमसी आहे. ते मृतसाठ्याच्या रेषेपासून १४ खाली गेलं आहे एवढंच. १४ हे ५३ च्या साधारण २६ टक्के, म्हणून बातमीत ‘वजा २६ टक्के’. ब्रह्मगुप्तांनी इ.स. ६२८ मध्ये धन आणि ऋण संख्यांचे नियम लिहिले तेव्हा शब्दच असे घेतले की अर्थ आपोआप कळावा: धन म्हणजे जवळची संपत्ती, ऋण म्हणजे कर्ज. उजनी १४ टीएमसीने कर्जात आहे म्हटलं की मुलाला नीट कळतं.

आणि इथून पुढचं समीकरणही लगेच सुचतं. शून्यावर यायला किती पाणी यायला हवं? ५० + क्ष = ६४. पाऊस सुरू झाला की माझी मुलं हे समीकरण पेपरातले रोजचे आकडे घालून सोडवतात. त्यांना मी सांगितलेलं नाही, ती स्वतःहून करतात.

ताळा गोष्टीत करायचा

उत्तर आलं की ते समीकरणात घालून बघा, असं पुस्तक सांगतं. तेवढं पुरत नाही. समीकरणच चुकीचं मांडलेलं असेल तर चुकीचं उत्तरही त्यात चपखल बसतं. त्या मुलीने ९५५ − ४५ = क्ष मांडलं होतं; क्ष = ९१० घातलं तर ताळा जमतो! म्हणून उत्तर मूळ गोष्टीत घालून गोष्ट पुन्हा सांगायची: ‘आईने १००० नेल्या, ४५ बाजूला काढल्या, ९५५ घेतल्या.’ ऐकायला बरोबर वाटतं का? डबल चादर सिंगलपेक्षा स्वस्त तर निघाली नाही ना? हे आकडेमोडीपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे, आणि त्यासाठी तुम्हाला गणित यायलाच हवं असंही नाही. गोष्ट ऐकणारं माणूस हवं.

सरावाला ही तीन घ्या. ‘अक्कलकोट सुमारे ४० किलोमीटर. एसटीतून वाटेत पाटी दिसली, अजून १७ किलोमीटर. किती अंतर कापलं?’ ‘डब्यातून पाव किलो शेंगा चटणी मामाकडे पाठवली, डब्यात ६०० ग्रॅम उरली. आधी किती होती?’ यात पाव किलोचे आधी ग्रॅम करायला हवेत, बघा लक्षात येतं का. ‘दादाकडे ३६ गोट्या आहेत. त्या माझ्यापेक्षा ९ ने जास्त आहेत. माझ्याकडे किती?’ इथे ‘जास्त’ लिहिलंय आणि बेरीज करायची नाही. उत्तरं अनुक्रमे २३ किलोमीटर, ८५० ग्रॅम आणि २७ गोट्या.

ही झाली की मुलालाच एक उदाहरण रचायला सांगा. त्या सहावीच्या मुलीने रचलेलं असं होतं: ‘आईने काही कडक भाकरी केल्या. १२ मावशीकडे दिल्या. आम्ही चौघांनी दोन दोन खाल्ल्या. डब्यात ५ राहिल्या. किती केल्या होत्या?’ दोनदा काढून घेण्याचं मी अजून शिकवलंच नव्हतं. तिने खाली लिहिलं होतं, क्ष = आईने केलेल्या भाकरींची संख्या, आणि त्याच्या खाली:

क्ष − १२ − ८ = ५

मी म्हटलं, सोडव. ती म्हणाली, “थांबा बाई, आधी गोष्ट सांगते. आईने २५ केल्या…”